मदत हवी आहे: रेल्वे मॉडेलवरची झाडं खरी दिसत नाहीत

रूळकरी
वायर पिळून खोड केलं, वर स्पंजचा चुरा चिकटवला. व्हिडिओत दाखवतात अगदी तसंच. तरी सगळी झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसतात. शिवाय चुरा गळतो, गाडी फिरली की रुळांवर हिरवा सडा. विकतची घ्या हा सल्ला कृपया नको, भाव बघून झालेत. रविवारी मंडळी येणार आहेत, लवकर सांगा.

जुना_फलाट
स्केल कुठलं? झाडं कुठली? फोटो टाका.

रूळकरी
एचओ, म्हणजे 1:87. झाडं म्हणजे झाडं हो, साधी. फोटो चढत नाहीये.

घाटवाट
साधं झाड कुठे उगवतं ते तरी कळू द्या. आल्प्स की आंबोली?

रूळकरी
नेरळ-माथेरान. रूळ 9 मिमी.

गेजमास्तर
इथेच घोळ आहे. खऱ्या गाडीचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फूट, म्हणजे 610 मिमी. त्याला 87 ने भागा, 7 मिमी येतात. 9 मिमीच घालायचे होते तर 1:76 तरी घ्यायचं, त्यात 8 येतात.

रूळकरी
मी रुळांचं विचारलेलं नाही.

सुतारपक्षी
उंची किती ठेवलीय?

रूळकरी
सगळी 5 सेंमी. एकसारखी कापली.

सुतारपक्षी
मग ती झाडं नाहीतच, करवंदीची जाळी आहे. 5 सेंमी गुणिले 87 म्हणजे साडेचार मीटरसुद्धा भरत नाहीत. पंधरा मीटरचं जांभूळ 17 सेंमी हवं. आणि एकसारखी कापू नका.
जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारांची जुडी घ्या, बुंधा पिळा, मग जुडीचे दोन असमान भाग करा, परत पिळा, परत फोडा, शेवटी दोन-दोन तारा उरेपर्यंत. बुंध्याला फेविकॉलमध्ये कालवलेला बारीक भुसा. रंग राखाडी, चॉकलेटी नव्हे. स्पंज थेट तारेवर नको. उशीतला पॉलिएस्टर कापूस पलीकडचं दिसेल इतका ताणून फांद्यांवर पसरा, हेअरस्प्रे मारा, वरून चुरा भुरभुरा, परत स्प्रे. फांद्यांमधून आभाळ दिसलं पाहिजे.

मंजिरी_के
इतका खटाटोप कशाला? वाळलेली तुळस घ्या, फांद्या आयत्या मिळतात.

सुतारपक्षी
आणि जुलैत बुरशी.

मंजिरी_के
पुण्यात नाही येत.

आजोबा५२
तुळस खेळण्यात वापरू नये.

चिकटराव
गळण्यावर एकच उपाय, रबरी सोल्यूशन. सुटायचं नाव नाही.

सुतारपक्षी
अहो, डोंगर थर्माकोलचा असेल तर तेवढा भाग विरघळेल! रूळकरी, ऐकू नका. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि फवारा. रात्रभर वाळू द्या, मग झाड उलटं करून झटका. गळायचं ते रुळांवर नाही, टेबलावर गळेल.

घाटवाट
ऋतू कुठला दाखवताय? सगळं हिरवंगार करून नेरळहून गाडी सोडणार असाल तर ते खोटं. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, वरची अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते. उन्हाळा करा: खाली जुम्मापट्टी स्टेशनच्या बाजूला निष्पर्ण, पिवळट रान, वर माथ्यावर जांभूळ-अंजनी गर्द. जमीन लाल.

गेजमास्तर
ऑक्टोबरात गाडी सुरू होते तेव्हा रान हिरवंच असतं की. पंचमीला जाऊन बघा.

घाटवाट
कुठल्या पंचमीला? नागपंचमीला गाडी बंद असते!

जुना_फलाट
कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, ते एकदा बघून या. आणि गाडी अडखळत असेल तर चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

रूळकरी
गाडी अडखळत नाहीये. तारेने एक जांभूळ केलं, डब्याशेजारी पहिल्यांदाच झाड वाटतंय. खालची निष्पर्ण करतो, कापूसही वाचेल. अंजनीचा हिरवा कसा काढायचा? माझा बाटलीतला पोपटी दिसतोय.

सुतारपक्षी
त्यात लाल टाका, अगदी थेंबभर. काळा नको, मळकट होतं.

आजोबा५२
आमच्या वेळी वाफेचं इंजिन होतं. त्याचं मॉडेल का नाही करत?