मदत हवी आहे : 'लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर'वरची त्या काळची समीक्षा

नमस्कार मंडळी,

टोनी रिचर्डसनचा १९६२ चा हा ब्रिटिश चित्रपट परवा दुसऱ्यांदा पाहिला आणि त्यावर लेख लिहायला घेतलाय. बेकरीत चोरी करून बोर्स्टलमध्ये (आपल्याकडच्या रिमांड होमची आठवण व्हावी अशी जागा) आलेला कॉलिन, त्याच्या धावण्यावर खूश असलेला तिथला गव्हर्नर (प्रमुख), आणि शर्यत हातात असताना अंतिम रेषेआधी थांबलेला तो मुलगा. त्या थांबण्याने मला अजून सोडलेलं नाही.

अडलंय ते समीक्षेपाशी. कॉलिन साकारणाऱ्या टॉम कोर्टनीला बाफ्टाचा (ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांचा) नवोदित कलाकाराचा पुरस्कार मिळाला, त्याच्या कामाबद्दल फारसं दुमत नव्हतं. दिग्दर्शनावर मात्र टीका झाली : भरभर पळवलेली दृश्यं, शेवटची गोठलेली चौकट (फ्रीज फ्रेम), हे सगळं फ्रेंच नवप्रवाहातून (तिथल्या तरुण दिग्दर्शकांच्या 'न्यू वेव्ह' चित्रपटांतून) उचललंय, अशी. त्याच प्रवाहातल्या त्रुफोचा 'फोर हंड्रेड ब्लोज' तीनच वर्षं आधीचा आणि गोठलेल्या चौकटीवरच संपणारा, त्यामुळे तुलना होणारच. पण मुलं 'जेरुसलेम' हे इंग्लंडचं देशभक्तिपर स्तोत्र गात असताना मध्येच पळून गेलेल्या पोराला होणारी मारहाण दिसते, तो प्रसंग मला उसना अजिबात वाटत नाही. तिथला राग अस्सल इंग्लंडचा आहे.

१९६२-६३ ची मूळ परीक्षणं कुणी वाचली आहेत का? कुठे मिळतील? ॲलन सिलिटोने स्वतःच्याच कथेवरून पटकथा लिहिली, त्या बदलांवर कुणी बारकाईने लिहिलंय का? फिल्म सोसायटीच्या जुन्या अंकांत मराठीत काही आलं असेल तर तेही नक्की सांगा. दोन ओळींची आठवणसुद्धा चालेल.