मदत हवी आहे: "कंटिन्यू ॲप्रोच" म्हणून टॉवर गप्प बसला तर पुढे काय बोलायचं?

धुक्यातला_वैमानिक
परवा तोंडी आहे, लवकर सांगा. आरव्हीआर (धावपट्टीवर किती लांबचं दिसतं ते) २०० मीटर. लोकलायझरवर (धावपट्टीची मधली रेषा दाखवणाऱ्या रेडिओ सिग्नलवर) एस्टॅब्लिश, म्हणजे स्थिर, झाल्याचं कळवलं. टॉवर म्हणाला, "कंटिन्यू ॲप्रोच." रीडबॅक दिला, म्हणजे तेच परत म्हणून दाखवलं. दोन मैलांवर आलो तरी "क्लीअर्ड टू लँड" (उतरायची परवानगी) नाही. क्लासमधले सर म्हणतात गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. रूममेट म्हणतो, कंटिन्यू म्हटलंय म्हणजे उतरायला हरकत नाही. कोण बरोबर? थिअरी नको, बोलायची वाक्यं द्या.

अंबरनाथकर
कसली तोंडी? आरटीआर (रेडिओ परवान्याची परीक्षा) की एअरलाइनची मुलाखत? विमानतळ कुठला? तुमच्या पुढे कुणी होतं का? त्याच्यावरच तर सगळं आहे.

डॅलसचा_पुणेकर
आमच्याकडे ही अडचण येत नाही. पुढचं विमान फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) असतानाच मागच्याला "नंबर टू, क्लीअर्ड टू लँड" मिळून जातं.

निवृत्त_टॉवर
ते अमेरिकेत. भारतातल्या परीक्षेत असं बोलू नका. आपल्याकडे सहसा पुढचं विमान धावपट्टीबाहेर गेल्यावर परवानगी. धुक्यात त्याहून कडक: ते विमान आयएलएसच्या (उतरताना वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेच्या) सेन्सिटिव्ह एरियाच्याही, म्हणजे तिच्या सिग्नलसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेच्याही, बाहेर हवं, कारण त्याच्या शेपटीमुळे लोकलायझरचा सिग्नल वाकतो आणि मागचं विमान त्याच सिग्नलवर ऑटोपायलटने उतरत असतं. म्हणून दोन विमानांत अंतर वाढवतात आणि परवानगी उशिरा येते. २०० मीटरमध्ये टॉवरच्या काचेतून धावपट्टी दिसत नाही. ग्राउंड रडार आणि वैमानिकाचा शब्द, एवढ्यावरच काम चालतं. टॅक्सीवेच्या मधल्या रेषेवर एक हिरवा एक पिवळा असे दिवे असतात. ते संपून नुसते हिरवे लागेपर्यंत "रनवे व्हेकेटेड" (धावपट्टी सोडली) म्हणायचं नाही.

मंजूषा_ठाणे
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, जानेवारीत आईबाबांना दिल्लीला पाठवायचंय. धुक्याने विमान रद्द झालं तर पैसे मिळतात का?

अंबरनाथकर
ताई, हवामानामुळे रद्द झालं तर नुकसानभरपाई नाही. तिकिटाचा परतावा किंवा दुसरं विमान, यातलं एक मागा. शक्यतो दुपारचं तिकीट काढा.

डॅलसचा_पुणेकर
निवृत्तकाका, आमची पद्धत धोक्याची आहे असं सुचवताय का? इथे रोज हजारो विमानं अशीच उतरतात.

निवृत्त_टॉवर
४ फेब्रुवारी २०२३, ऑस्टिन. दाट धुकं, फेडेक्सचं ७६७ कॅट थ्री (अगदी कमी दिसत असताना उतरायच्या) ॲप्रोचवर, उतरायची परवानगी हातात. त्याच धावपट्टीवरून साउथवेस्ट कंपनीच्या विमानाला टेकऑफ दिला. फेडेक्सच्या वैमानिकांनीच ओळखलं आणि वर गेले. दोन विमानांत दोनशे फूटही उरले नव्हते.

डॅलसचा_पुणेकर
त्यात आगाऊ परवानगीचा दोष नाही. कंट्रोलरने मध्ये टेकऑफ घुसवला आणि तिथे ग्राउंड रडारही नव्हतं. तुमच्या पद्धतीतही ते झालं असतं.

निवृत्त_टॉवर
टेकऑफ घुसवणं चूकच, ते मान्य. पण परवानगी राखून ठेवली असती तर ती देताना कंट्रोलरला धावपट्टीचा विचार पुन्हा एकदा करावा लागला असता.

रेडिओवाले_जोशी
आरटीआरला आकडे नीट म्हणा. थ्री नाही, ट्री. फाइव्ह नाही, फाइफ. नाइन नाही, नाइनर. टेनेरिफला १९७७ साली धुक्यात, रेडिओवरच्या गैरसमजातून दोन विमानं धडकून ५८३ माणसं गेली, तेव्हापासून "टेकऑफ" हा शब्द फक्त ती परवानगी देता-घेताना किंवा रद्द करताना. एरवी "डिपार्चर".

धुक्यातला_वैमानिक
आरटीआरच. दिल्ली, धावपट्टी २८. पुढचं विमान उतरलं होतं, पण "व्हेकेटेड" ऐकू आलं नाही. आता वाक्यं द्याल का प्लीज?

निवृत्त_टॉवर
हे आधी सांगायला हवं होतं. तुमचे सर बरोबर आहेत. "कंटिन्यू ॲप्रोच" म्हणजे उतरायची परवानगी नव्हे. दोन मैलांवर एवढंच म्हणा (व्हिक्टर टँगो वगैरे ही विमानाची खूण): "दिल्ली टॉवर, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, टू माइल्स फायनल, रनवे टू एट." परवानगी आली तर: "रनवे टू एट, क्लीअर्ड टू लँड, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली." नुसतं "रॉजर" चालत नाही. नाहीच आली तर: "गोइंग अराउंड", आणि आधी विमान वर न्या, मग बोला.

डॅलसचा_पुणेकर
दोन मैलांवरच वर? डिसिजन हाइटपर्यंत (उतरायचं की वर जायचं ते ठरवायच्या उंचीपर्यंत) थांबता येतं की.

निवृत्त_टॉवर
युरोपातही कॅट थ्रीत परवानगी देण्याचं लक्ष्य दोन मैलांचं आहे. उशीर होणार असं वैमानिकाला आधी सांगितलं असेल तर एक मैल. इथे टॉवरने तसं काही सांगितलेलं नाही.

धुक्यातला_वैमानिक
आणि रीडबॅकमध्ये आरव्हीआर परत म्हणायचा?

रेडिओवाले_जोशी
गरज नाही. धावपट्टी, क्लीअरन्स, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) हे मात्र सोडू नका.