कोणती बंदूक दगा देत नाही? परवानाधारकांनो, अनुभव लिहा

भावाला शेतसंरक्षणाचा परवाना मिळतोय. काय घ्यावं म्हणून ओळखीतल्या लोकांना विचारलं, तर ज्याची त्याची बंदूक जगात भारी! म्हणून हा धागा. दहापैकी आठ-नऊ असले गुण नकोत. हत्यार कोणतं, किती वर्षं आहे, अंदाजे किती बार काढले, त्यातले फुसके किती आणि बिघडलं तेव्हा दुरुस्त कोणी केलं, एवढं सांगा. शिवाय २०१९च्या कायदादुरुस्तीने तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी कोणतं सोडलं, ते जरूर लिहा. तक्रार असेल तर कंपनीचं नाव टाकू नका, बिघाड सांगितला तरी पुरे.

माणदेशी: तीन होती. वडिलांची बारा बोरची दुनळी, इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल आणि बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. रायफल सोडली. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, जुन्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलीच्या धाटणीचा, कधी म्हणून अडकला नाही. पण आमच्या शिवारात आता चहूबाजूंनी वस्त्या झाल्यात आणि रायफलची गोळी कुठवर जाईल याचा नेम नाही. छर्रे तेवढे लांब जात नाहीत. तेव्हा जे सोडलं ते वाईट होतं, असा अर्थ काढू नका. रिव्हॉल्व्हरची तक्रार शून्य. म्हणजे कपाटातच असतं हो ते, तक्रार करणार कधी?

धागाकर्ता: हेच हवं होतं. ‘एकदम भरवशाचं’ म्हणणाऱ्या दोघातिघांना मी विचारलं, तर पेटीतली निम्मी काडतुसं तशीच पडून. परवान्यावर काडतुसांना मर्यादा, ती महाग, उडवायला जागा नाही. मग भरवसा कशावरून ठरवला? बहुतेक किमतीवरून. परदेशी हत्यारांची खासगी आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती वेब्ली रिव्हॉल्व्हरला अजून सोन्याचा भाव आहे. एवढे पैसे मोजल्यावर वाईट कोण म्हणेल?

आंबेवाला, देवगड: बंदुकेन कधी फसवूक नाय, फसवल्यानी ती काडतुसांनी! असो, सगळ्यांना कळेल असं लिहितो. एकनळी बारा बोर, रानडुकरांसाठी रीतसर परवानगीने. माकडांसाठी नुसता आवाज. पूर्वी कागदी काडतुसं मिरगानंतर अशी फुगायची की नळीत शिरतच नसत. हातात चार काडतुसं आणि समोर डुकरांचा कळप, करा काय करायचं ते. आता प्लास्टिकची येतात. खडकीच्या कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसं वापरतो, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, बार नीट होतो.

खरी वाट लागते निवडणुकीत. बंदूक ठाण्यात जमा, तीही ऐन आंबा-काजूच्या दिवसांत. देताना नळीत तेलाचं फडकं फिरवून देतो. परत आणली की आधी सांध्यातून मोडून, म्हणजे उघडून, नळी उजेडाकडे धरून आतून बघतो. एका खेपेस काडतूस बसतं त्या तोंडाशी तांबूस ठिपके दिसले. घासून गंज गेला, पण बारीक खड्डे राहिले आणि तेव्हापासून रिकामं काडतूस अडकतं, नखाने उचकटून काढावं लागतं. आता ही बंदूक खराब म्हणायची की ठाण्यातलं ते कपाट?

मुलगी नेमबाज: आमचं १० मीटर एअर पिस्तूल. चालेल ना इथे? मुलगी सरावाच्या एका दिवसात जेवढे पेलेट उडवते, तेवढ्या गोळ्या वरच्या रिव्हॉल्व्हरमधून जन्मात उडणार नाहीत, तेव्हा आमचं मत जरा जड धरा! पिस्तूल जुनं घेतलं. नळी, चाप उत्तम. बिघडलं ते रबराचं वॉशर, ज्याला ही मंडळी ओ-रिंग म्हणतात. रात्री हवा भरलेल्या सिलिंडरचा दाबाचा काटा सकाळी खाली. सिलिंडर २०० बार दाबाचा असतो (हा ‘बार’ हवेच्या दाबाचं माप, गोळीचा नव्हे) आणि त्याची मुदत दहा वर्षं, तारीख त्याच्यावरच असते. जुनं घेणाऱ्यांनी पिस्तुलाआधी ती तारीख बघा, मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नवीन निवडताना आम्ही एकच विचारलं, सुटे भाग पुण्यात मिळतात का? आमच्या क्लबातलं एक महागडं पिस्तूल एका स्प्रिंगपायी महिनोन्‌महिने पेटीत पडून आहे.

निवृत्त मिस्त्री: बंदूक दुरुस्तीत आयुष्य गेलं. माझ्याकडे आजारीच यायच्या, त्यामुळे माझं मतही एकांगी समजा. जुन्या दुनळ्यांच्या फायरिंग पिना, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खिळ्या, तुटायच्या, कारण पाहुणे आले की रिकामी बंदूक खटाखट वाजवून दाखवायची हौस. सांधा ढिला, नळी आणि फळी (नळीचं मागचं तोंड जिला टेकतं ती) यांच्यात फट पडलेली, ही दुसरी तक्रार. तिसरी ठासणीच्या बंदुकीची, निपल, म्हणजे टोपी बसते ते भोकाचं बोंड, काजळीने बुजलेलं. यांतलं कारखान्याचं पाप थोडंच होतं. घेताना रिकामी असल्याची खात्री करा, नळी मिटवा, दस्ता धरून हलकेच हलवा. खडखडली तर कितीही नामांकित असो, पैसे देऊ नका.

माणदेशी: मिस्त्री, आमच्या दुनळीची डावी पिन अशीच गेली. मेहुण्याची कृपा.

धागाकर्ता: भावासाठी एकनळीच बघतोय. यापुढे लिहिणाऱ्यांनी बार किती काढले ते पहिल्याच ओळीत टाका. एकही काढला नसेल तर तसं लिहा, पण मग ‘भरवशाची’ हा शब्द वापरू नका. आणि कोल्हापूर-सांगलीकडे अजून पिना घडवणारा कोणी असेल तर कळवा.