दोन फुटी फिशटँकसाठी कोणता दिवा घ्यावा?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. आमच्या बैठकीच्या खोलीत दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली, तर तिच्यात साधारण ६० लिटर पाणी राहते. पाणी बोअरचे आहे, बऱ्यापैकी जड आहे. गप्पी आणि मोली मिळून बारा मासे आहेत. टाकी नातेवाइकांकडून आली, तेव्हा तिच्या लाकडी झाकणात ४० वॅटचे दोन पिवळे बल्ब होते. मार्चपासून ते लावले की दोन-तीन तासांत पाणी कोमट होऊ लागले आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, म्हणून मी ते काढले. दुकानदाराने मग जांभळट प्रकाशाची एक पट्टी दिली. त्या प्रकाशात मासे सुंदर दिसतात, पण वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पाने टोकांकडून तपकिरी होत आहेत आणि काचेवर मात्र हिरवे शेवाळ वेगाने चढत आहे. घरात लावतो तसा साधा एलईडी चालेल का? चालत असेल तर किती वॅटचा, आणि तो रोज किती तास लावावा? वीज अधूनमधून जाते, त्यामुळे दिवा इन्व्हर्टरवर घ्यावा की नाही, हेही कृपया सांगावे.

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)

ताई, माशांना आपल्या दिव्याची फारशी गरज नसते. त्यांना दिवस आणि रात्र यांतला फरक कळला, की पुरते. दिवा आपण निवडतो तो वनस्पतींसाठी आणि आपल्या डोळ्यांसाठी, आणि म्हणून वॅटचा आकडा बाजूला ठेवून डब्यावरचे दोन आकडे वाचावेत: ल्युमेन आणि केल्विन. वॅट म्हणजे दिवा किती वीज घेतो, ते; उजेड किती मिळतो, हे ल्युमेन सांगतात. तुमचा ४० वॅटचा पिवळा बल्ब जेमतेम ४०० ल्युमेन देत होता आणि उरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेत जात होती. ९ वॅटचा चांगला एलईडी सुमारे ९०० ल्युमेन देतो. वॅलिसनेरिया, जावा फर्न, अ‍ॅन्युबियस अशा कमी मागण्या असलेल्या वनस्पतींना दर लिटरला १५ ते २० ल्युमेन पुरतात, म्हणजे तुमच्या ६० लिटरला ९०० ते १२०० ल्युमेन.

केल्विन ही रंगाची संख्या आहे, ताकदीची नव्हे. २७०० म्हणजे पिवळसर आणि ६५०० म्हणजे दुपारच्या उजेडासारखा पांढरा. ६५०० चा घ्यावा. वनस्पती निळा आणि तांबडा प्रकाश जास्त वापरतात, म्हणून जांभळ्या पट्ट्या विकल्या जातात; पण पांढरा एलईडी मुळात निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन केलेला असतो, त्यामुळे त्यात निळा असतोच आणि थोडा तांबडाही मिळतो. स्वस्त जांभळ्या पट्टीची खरी उणीव रंगापेक्षा एकूण प्रकाशात असते. तिच्यावर ल्युमेन छापले आहेत का, ते एकदा पाहावे.

माझा सल्ला बल्बऐवजी दोन फुटी, १० वॅटच्या एलईडी बॅटनचा, म्हणजे नळीसारख्या लांब दिव्याचा आहे. बल्बचा उजेड मध्यभागी साचतो आणि कडेची झाडे अंधारात राहतात, तर बॅटनचा उजेड टाकीच्या पूर्ण लांबीवर सारखा पडतो. शिवाय बंद लाकडी झाकणात एलईडी बल्बची उष्णता कोंडते आणि त्याच्या बुडातले सर्किट लवकर जाते. रोज आठ तास लावावा.

उत्तर २ (नांदेड, वायरिंगचे काम करतो)

वरच्या उत्तराशी सहमत आहे, पण दिवा बदलण्याआधी जुन्या झाकणातले होल्डर काढून टाकावेत, ही विनंती. वर्षानुवर्षे वाफ लागून होल्डरच्या पितळी भागावर हिरवट गंज चढतो आणि वायरीचे आवरण तडकते. अशा झाकणाला ओला हात लागून शॉक बसल्याचे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून हे तळमळीने लिहीत आहे. बॅटन पाण्याच्या वर निदान चार-पाच इंच, टाकीवर काच ठेवून तिच्या वर बसवावी. वायर आधी प्लगच्या पातळीखाली लोंबती सोडून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब प्लगात न शिरता खाली गळून पडेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर तो बसवून घ्यावा. एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) वायरींचे रक्षण करतो, माणसाचे नाही. आणि टाकीत हात घालण्यापूर्वी दिवा, पंप, सगळे बंद करावे.

इन्व्हर्टरवर हवेचा पंप घ्यावा, दिवा नको. दोन तास अंधार झाला तर झाडांचे काही बिघडत नाही. उन्हाळ्यात मात्र कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, तेव्हा पंप थांबणे माशांना महागात पडते.

उत्तर ३ (परभणी)

आठ तासांबाबत माझे मत वेगळे आहे. ताईंच्या टाकीत शेवाळ आधीच आहे आणि झाडे अशक्त आहेत. अशा वेळी उजेड एकदम वाढवला, तर तो आधी शेवाळाच्या कामी येतो. म्हणून पहिले तीन आठवडे सहाच तास ठेवावेत आणि वॅलिसनेरियाची नवी पाने हिरवी, सरळ येऊ लागली, की दर आठवड्याला अर्धा तास वाढवावा. टाकीवर खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर आधी पडदा लावावा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हापुढे १० वॅटचा दिवा काहीच नाही आणि शेवाळाचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

टायमर घेताना एक गोष्ट पाहावी. चकती फिरणारा साधा टायमर वीज गेली की थांबतो, आणि दर वेळी तेवढाच मागे पडतो. आठवडाभरात दिवा भलत्याच वेळी लागू लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर आपल्या भागात बरा.

बोअरच्या पाण्यामुळे आणखी एक अडचण येते. बॅटनखालच्या काचेवर शिंतोडे वाळून क्षारांचा पांढरा थर बसतो आणि उजेड हळूहळू घटत जातो. तो रोजच्या पाहण्यात असल्याने लक्षात येत नाही. मी दर रविवारी ती काच उतरवून पांढऱ्या व्हिनेगरने पुसतो, पाण्याने धुतो आणि मगच परत ठेवतो. जड पाण्याची काळजी मात्र करू नये, कारण वॅलिसनेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकते आणि गप्पी-मोलींनाही असे पाणी मानवते.

प्रश्नकर्ती (लातूर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. जांभळ्या पट्टीच्या डब्यावर ल्युमेन कुठेच छापलेले नाहीत. टाकी पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे आणि चारनंतर तिच्यावर तासभर ऊन येते, हे आज प्रथमच नीट पाहिले. लाकडी झाकण काढले आहे. एका होल्डरची वायर खरोखरच उघडी पडली होती. दोन फुटी, १० वॅटची, ६५०० केल्विनची बॅटन आणली आहे. ती उद्या वायरमनकडून बसवून घेते आणि सहा तासांपासून सुरुवात करते. संध्याकाळी घरातले सगळे टाकीसमोर बसतात, म्हणून दुपारी तीन ते रात्री नऊ अशी वेळ ठेवली तर चालेल का?

उत्तर ३ (परभणी)

अवश्य चालेल. फक्त रोज तीच वेळ ठेवावी, आणि नऊनंतर खोलीतला मोठा दिवा थोडा वेळ चालू राहू द्यावा. एकदम काळोख झाला, तर मासे बिचकून काचेवर आपटतात.