आईला मल्याळम सिनेमा ‘चेम्मीन’ दाखवू का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
आई सत्तरीची, मराठीपलीकडं काही कळत नाही. पण त्यातलं मन्ना डेंचं ‘मानस मैने वरू’ लागलं की निवडायची गवार तशीच ठेवून ऐकत बसते. अख्खा सिनेमा झेपेल का तिला? शेवट फार जड आहे म्हणतात.

उत्तर १:
जड आहेच. करुत्तम्मा कोळ्याची पोर, परीकुट्टी मुसलमान व्यापारी. बाप त्याच्याच पैशावर होडी-जाळं घेतो आणि पैसे बुडवून पोरीचं लग्न पळनीशी लावतो. बायको इमानी राहिली तरच नवरा दर्यातून सुखरूप परततो, अशी तिथली समजूत. म्हणजे मासा चावला तरी दोष बाईचाच! मला तर प्रेमापेक्षा ती उधारीच जास्त टोचली.

उत्तर २:
१९६५ चा, रामू करिआट यांचा. संगीत सलील चौधरींचं, संकलन हृषीकेश मुखर्जींचं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालंय. बिनधास्त दाखवा.

उत्तर ३:
शेजारी बसून गोष्ट सांगत राहा, बास. आमच्या सासूबाई मिरजेत टीव्हीसमोर त्या बापावर खेकसत होत्या, “आधी त्याचं पैसं दे की मुडद्या!”

प्रश्नकर्ता:
मग आमची आई त्यांच्यावर कडी करणार. रविवारी लावतो.