मदत हवी आहे: 'चेक कम्प्लीट' म्हटल्यावर खेळ थांबवता येतच नाही का?

नमस्कार मंडळी. भाच्याशी पैज लागली आहे, बटाटेवड्यांची, म्हणून इथे विचारतोय.

विषय जुनाच. ३० सप्टेंबर २०२३, इंग्लंडमधला फुटबॉल सामना, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. ०-० असताना लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला, लाइन्समनने ऑफसाइडचा (पास मिळताना बचावपटूंच्या पुढे असल्याचा) झेंडा वर केला, म्हणजे गोल रद्द. व्हीएआरच्या (रिप्ले पाहून रेफ्रीचा निर्णय तपासणाऱ्या पंचाच्या) खोलीत बसलेल्याला वाटलं की मैदानावर गोल दिलाय, म्हणून तो 'चेक कम्प्लीट', म्हणजे 'तपासलं, मैदानावरचा निर्णय बरोबर', असं म्हणून मोकळा! गोल रद्दच राहिला. डियाझ ऑफसाइड नव्हताच. तीन दिवसांनी त्या संभाषणाची ऑडिओ बाहेर आली. ती मी चार-पाच वेळा ऐकलीय. रिप्ले चालवणारा माणूसच आधी शंका काढतो, मग सगळ्यांची धावपळ, आणि शेवटी 'आता काही करता येत नाही'. तोवर फ्री किक घेऊन खेळ सुरू झालेला. ऐकताना पोटात गोळा येतो हो.

भाचा म्हणतो, रेफ्रीने खेळ थांबवून गोल द्यायला हवा होता. माझं म्हणणं, खेळ एकदा पुन्हा सुरू झाला की नियमाने मागे जाता येत नाही. अपवाद फक्त चुकीच्या खेळाडूला कार्ड दाखवणं किंवा मारामारी, थुंकणं अशा लाल कार्डाच्या प्रकारांचा. बरोबर ना? कुणी रेफ्रीची परीक्षा दिली असेल तर नियमाचं कलम सांगा, त्याशिवाय हा पोरगा ऐकायचा नाही.

आणि दुसरं, रग्बीत रेफ्रीचं बोलणं सामना चालू असतानाच ऐकू येतं. फुटबॉलमध्ये अडतं कुठे?