एप्टेशिया खायला कॉपरबँड आणायचा, पण त्याला खायला कोण घालणार?

खारटराव, कोथरूड
खाऱ्या पाण्याच्या टाकीत एप्टेशिया, म्हणजे कीड म्हणून पसरणारं छोटं समुद्रफूल, उगवला की दुकानात एकच सल्ला मिळतो: ‘कॉपरबँड टाका, साफ करून टाकेल.’ माझं स्पष्ट मत आहे, हा सल्ला देणं बंद झालं पाहिजे. कॉपरबँड बटरफ्लाय म्हणजे खडकाच्या फटीत चोच घालून किडे टिपणारा मासा. आपल्याकडे पोचतो तोच अर्धपोटी, पेलेटकडे, म्हणजे सुक्या दाणेदार खाद्याकडे, ढुंकून बघत नाही. एप्टेशिया खाईल किंवा नाही, त्याची मर्जी. आणि खाल्लाच, तर संपल्यावर काय? पोट खपाटीला जातं, पाठीची कड धारदार दिसायला लागते, आणि एक दिवस दगडाआड मेलेला सापडतो. त्यापेक्षा चुन्याची पेस्ट सिरिंजने एप्टेशियाच्या तोंडावर सोडा. मासा कशाला पणाला लावायचा?

सिंहगडरोडकर
चुना दिसेल त्यालाच लागतो हो. खडकाच्या पाठीमागे आणि ओव्हरफ्लोमध्ये (पाणी बाहेर जाण्याच्या कप्प्यात) बसलेल्यांचं काय? पायाचा कण मागे राहिला तरी त्यातून नवा उगवतो. एका वेळी जास्त चुना सोडला तर पीएच चढतो, ते वेगळंच. माझ्याकडे कॉपरबँडने फटी न् फटी साफ केल्या आणि तो आजही ठणठणीत आहे.

जेवणाचं म्हणाल तर गणेश पेठेतून तिसऱ्या आणतो. धुऊन फ्रीजरमध्ये टाकायच्या. लागेल तशी एक बाहेर काढली की सुरीच्या टोकाने सहज उघडते. मांस असलेला अर्धा शिंपला तळाशी ठेवायचा. पहिल्यांदा लांबूनच घिरट्या घालतो, एका डोळ्याने बघतो, मागे सरतो. मग एकदा चोच घातली की मांस ओढून ओढून खातो. सवय लागली की त्याच रिकाम्या शिंपल्यात फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दाबून भरायचं. शिंपला दिसला की जेवण, एवढं त्याला कळतं. पुढे पाण्यात सोडलेलं मायसिसही खायला लागतो.

पेठेतला_शाकाहारी
आमच्याकडे चातुर्मासात फ्रीजरमध्ये तिसऱ्यांचा डबा सापडला तर माशाआधी मीच घराबाहेर. ट्युबिफेक्सचे जिवंत किडे चालतील का?

सिंहगडरोडकर
सुरुवात करून द्यायला चालतात, कारण वळवळ बघून तोंड उघडतो. पण ते गोड्या पाण्यातले, खाऱ्यात लगेच मरतात. उरलेले काढले नाहीत तर पाणी नासतं. शिवाय ते बहुतेक घाणीतच वाढतात, चांगले धुतल्याशिवाय टाकू नका. रोजचं जेवण म्हणून नकोच. मायसिसचं पाकीट चालेल का बघा, दिसायला तरी निरुपद्रवी असतं.

खारटराव, कोथरूड
म्हणजे बघा, कीड मारायला आणलेल्या माशासाठी बाजारात जा, शिंपले उघडा, थोडं थोडं करून दिवसातून तीन-चार वेळा भरवा. उंदरांसाठी मांजर आणावं आणि तिच्यासाठी दूध तापवत बसावं, तसलं हे.

बाणेरची_बाई
दोघांनाही विचारते, पेपरमिंट कोळंबी का नको? स्वस्त आहे, उरलंसुरलं अन्नही खाते. फक्त नीट बघून घ्या, उंटकोळंबी तिच्या नावाने खपवतात आणि ती कोरल कुरतडते. बर्गिया गोगलगाय तर एप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही, पण तो संपला की तीही उपाशी मरते. म्हणजे खारटरावांचा प्रश्न तिथेही आहेच. फाइलफिश एप्टेशिया खातो, पण कोरलच्या पॉलिपलाही चिमटे काढू शकतो.

सिंहगडरोडकर
कोळंबी लहान एप्टेशिया खाते, मोठ्याला हात लावत नाही, हा माझा अनुभव. आणि कॉपरबँड कोणीही घ्यावा असं मी म्हणत नाहीये. 20 सेंटीमीटरपर्यंत वाढणारा मासा आहे, 400 लिटरच्या खालच्या टाकीत नकोच. दुकानात आपल्यासमोर खाऊन दाखवला तरच घ्यावा. पण ‘बंद करा’ म्हणणं टोकाचं झालं.

खारटराव, कोथरूड
तुमचा जगला तो तिसऱ्यांमुळे, हे मान्य. पण विकताना दुकानदाराने तिसऱ्यांचं नाव तरी काढलं होतं का?

सिंहगडरोडकर
नाही. पेलेटचा डबा गळ्यात मारला होता.